‘गावची’ आणि ‘गावाची’ : सामूहिक पवनऊर्जेच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

१

महाराष्ट्रात पवनऊर्जेविषयी गेल्या तीन-साडेतीन दशकांत विपुल मराठी लेखन झाले आहे. शासकीय धोरणपत्रे, प्रकल्पांचे अहवाल, वृत्तपत्रांतील वार्ता, ग्रामसभांचे ठराव आणि जमिनीचे भाडेकरार असे त्याचे नानाविध प्रकार आहेत. या लेखनाची तांत्रिक आणि आर्थिक छाननी होत असते. परंतु ते ज्या भाषेत केले जाते त्या भाषेची छाननी मात्र क्वचितच होते. शब्द हे केवळ आशयाचे वाहन आहे, आशय ठरला की शब्द कोणताही चालेल, अशी एक समजूत तिच्या मुळाशी असावी. प्रस्तुत लेखात या समजुतीची परीक्षा करावयाची आहे. ‘प्रकल्प गावाच्या मालकीचा असावा’ असे आज अनेक जण म्हणतात. या विधानातील ‘गाव’, ‘मालकी’ आणि त्यांना जोडणारा षष्ठीचा प्रत्यय यांचा अर्थ नेमका काय होतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे. प्रश्न व्याकरणाचा दिसतो. त्याचे परिणाम मात्र सात-बारा उताऱ्यापर्यंत जाऊन पोहोचतात.

भारतात वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याचा पद्धतशीर विचार वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५२ साली हाती घेतला. पुढे १९८६ च्या सुमारास महाराष्ट्र, गुजरात आणि तामिळनाडू यांच्या किनारपट्टीवर ५५ किलोवॅट क्षमतेची पहिली यंत्रे उभी राहिली. त्यानंतर साताऱ्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडी, सांगलीतील ढालगाव, धुळ्यातील ब्राह्मणवेल ही नावे पवनऊर्जेच्या नकाशावर आली. एका नव्या व्यवहाराबरोबर एक नवी परिभाषा येते, हे भाषेच्या इतिहासात पुनःपुन्हा घडलेले आहे. शिवकाली राज्याचा व्यवहार बदलला तेव्हा ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करण्याची निकड भासली, हे आपणांस ठाऊकच आहे. पवनऊर्जेच्या बाबतीत असा कोणताही कोश जाणीवपूर्वक घडविला गेला नाही. शब्द जसे सुचले तसे वापरात आले. आणि म्हणूनच त्यांत व्यवहाराचे खरे स्वरूप अधिक प्रामाणिकपणे उमटले आहे.

२

प्रथम ‘पवनचक्की’ हाच शब्द घेऊ. ‘चक्की’ हे ‘चक्र’ शब्दाचे तद्भव रूप असून दळणे हा तिचा धर्म. आजची पवनचक्की काहीच दळत नाही. तिची पाती वाऱ्याच्या गतिज ऊर्जेचा काही अंश हिरावून घेतात आणि जनित्र तिचे विजेत रूपांतर करते. हा अंश कितीही कुशल रचना केली तरी ५९.३ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही, हे बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे. तरीही ‘पवनचक्की’ हा शब्द रूढ झाला आणि तो चांगला शब्द आहे. मात्र त्याच्याबरोबर एक गर्भितार्थही आला. चक्की गावात असते, गावाचे दळण दळते, ती कोणाची का असेना, पीठ आपलेच असते. वनकुसवड्याच्या पठारावरील यंत्रांना हा गर्भितार्थ लागू पडत नाही. तेथील वीज उच्चदाबाच्या वाहिनीवाटे राज्याच्या जाळ्यात जाते. पायथ्याच्या वाडीतला दिवा त्या यंत्रामुळे लागतो असे म्हणता येत नाही. शब्द जवळीक सुचवितो, व्यवहार दूरचा राहतो.

आता माणसांना उद्देशून येणारे शब्द पाहावेत. प्रकल्पविषयक लेखनात गावकरी प्रायः चार नावांनी भेटतो : ‘जमीनमालक’, ‘लाभार्थी’, ‘प्रकल्पग्रस्त’ आणि ‘सहभागी’. यांपैकी ‘जमीनमालक’ ही पदवी करारावर सही होईपर्यंत टिकते. ‘लाभार्थी’ हा शब्द ‘विद्यार्थी’ याच्याच साच्यातला आहे. त्यात लाभाची इच्छा आहे, लाभावरचा हक्क नाही. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द सोलापूर जिल्ह्याला उजनी धरणापासून चांगलाच परिचित आहे. त्यातील ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. ग्रहणाच्या भाषेत चंद्र जसा ग्रस्त होतो तसा येथे मनुष्य होतो. राहिला ‘सहभाग’. हा शब्द सर्वांत आदरणीय आणि म्हणूनच सर्वांत फसवा आहे. त्याच्या पोटात ‘भाग’ आहे, म्हणजे वाटा आहे. परंतु आजच्या वापरात वाटा गळून पडला असून केवळ उपस्थिती उरली आहे. सभेला येऊन बसलेल्या माणसानेही ‘सहभाग’ घेतलेला असतो. ‘भागीदार’, ‘भागभांडवल’, ‘भागधारक’ या शब्दांत ‘भाग’ अजून जिवंत आहे. ‘सहभाग’ या शब्दात तो निवर्तला आहे.

ही चार नावे एकत्र ठेवून पाहिली म्हणजे त्यांच्यातील साम्य ध्यानात येते. पाणिनीय परंपरेने क्रियेशी नामाचे जे सहा संबंध सांगितले त्यांत कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे आहे. क्रियेत ज्याला स्वातंत्र्य असते तो कर्ता. बाकीची कारके त्या क्रियेला आपापल्या परीने हातभार लावतात. या कसोटीवर प्रकल्पांविषयीची नित्याची वाक्ये तपासावीत. ‘गावात प्रकल्प उभारण्यात आला’, ‘गावकऱ्यांना रोजगार मिळाला’, ‘गावाकडून जमीन घेण्यात आली’ या धर्तीची वाक्ये आपण सर्वांनी वाचलेली आहेत. पहिल्यात गाव अधिकरण आहे, दुसऱ्यात संप्रदान, तिसऱ्यात अपादान. कर्त्याचे स्थान त्याला कोठेच नाही. त्यातही ‘-ण्यात आला’ ही शासकीय मराठीची लाडकी रचना कर्त्याला वाक्यातूनच अदृश्य करते. उभारणारा कोण, हे सांगण्याचे बंधन तिच्यात नाही. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापदाचा कर्ता ‘ने’ प्रत्यय घेऊन ठळकपणे उभा राहतो : ‘ग्रामपंचायतीने पवनचक्की विकत घेतली.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या अत्यंत साधे आहे. पवनऊर्जेविषयीच्या मराठी लेखनात ते इतके दुर्मिळ का असावे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

३

कर्त्याच्या अभावी गावाशी असलेला संबंध दाखविण्याचे काम षष्ठीवर पडते. संबंध हे कारक नव्हे, हे व्याकरणकारांनी विचारपूर्वकच ठरविले आहे. षष्ठीने नामाचे नामाशी नाते सांगितले जाते, क्रियेशी नाही. मराठीत हे नाते दोन रूपांनी व्यक्त होऊ शकते आणि त्यांतील भेद या विषयात कळीचा ठरतो.

‘आजचा’, ‘कालचा’, ‘वरचा’, ‘खालचा’ या शब्दांत ‘चा’ हा प्रत्यय स्थलकालवाचक अव्ययांना थेट लागला आहे. ‘घरचा’ आणि ‘गावचा’ ही रूपे याच कुळातली. येथे ‘गाव’ या शब्दाचे सामान्यरूप होत नाही. जणू तो नाम नसून स्थलवाचक अव्यय आहे, अशी त्याची वागणूक असते. उलट ‘गावाचा’ या रूपात सामान्यरूप होते आणि गाव हे एक स्वतंत्र नाम, एक वस्तू, एक व्यक्ती म्हणून उभे राहते. ‘घरचे जेवण’ आणि ‘घराचे छप्पर’ यांची अदलाबदल आपण करीत नाही. ‘गावची जत्रा’ म्हणताना गाव हे ठिकाण असते. ‘गावाचा निर्णय’ म्हणताना गाव निर्णय घेणारे असते. बोलीत या दोहोंची सरमिसळ होते हे खरे. ‘घरची शेती’ या प्रयोगात तर पहिले रूप असूनही मालकी सूचित होते. परंतु ती मालकी कुटुंबसंस्थेच्या परिचयातून येते, प्रत्ययातून येत नाही. शेती घरची असते तेव्हा ती कोणाच्या नावावर आहे, हे प्रत्यय सांगत नाही. आणि भावाभावांची वाटणी झाली म्हणजे हे न सांगणे किती महाग पडते हे खेड्यात राहिलेल्या कोणासही विचारावे.

तात्पर्य, ‘गावची पवनचक्की’ हा स्थलाचा आणि आपलेपणाचा संबंध आहे. ‘गावाची पवनचक्की’ हा हक्काचा संबंध होऊ शकतो. प्रकल्पांच्या प्रचारात पहिल्या रूपाची ऊब दुसऱ्या रूपाचे काम करीत असल्याचा भास निर्माण करते. सोलापूरकरांना हा अनुभव नवा नाही. १८७७ साली येथे सुरू झालेली जुनी गिरणी मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांच्या पुढाकाराने उभी राहिली. ती सोलापूरची होती, यात संशय नाही. तिच्या भोंग्यावर शहराची दिनचर्या चालत असे. परंतु सोलापूरची असणे आणि सोलापूरकरांची असणे यांतील अंतर ती बंद पडली तेव्हा कामगारांच्या पिढीला कळले.

४

आता तीन प्रत्यक्ष उदाहरणांवर ही चिकित्सा लावून पाहू.

पहिले साताऱ्याच्या पठारांचे. १९९० च्या दशकात पवनचक्की घेणाऱ्यास तिच्या किमतीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा आयकरातून वजा करता येत असे. पुढे हे प्रमाण ८० टक्के झाले. २०१२ साली ही सवलत काढून घेण्यात आली, २०१४ मध्ये ती पुन्हा दिली गेली आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर आली. ‘घसारा’ हा शब्द घासण्यावरून आलेला, म्हणजे झीज. मालकाचा मोठा लाभ यंत्राच्या फिरण्यापेक्षा त्याच्या कागदोपत्री झिजण्यातून येत असेल, तर तो मालक पठारावर राहणारा असण्याची शक्यता उघडच कमी; आयकर भरण्याजोगे मोठे उत्पन्न ज्याच्यापाशी आहे त्यालाच ही मालकी परवडते. २००९ साली केंद्राने प्रत्यक्ष निर्माण झालेल्या युनिटवर ५० पैसे देण्याची योजना आणली, ती या दोषावरचाच उपाय होती. पठारावरील गाव या सर्व व्यवहारात अधिकरणच राहिले. येथे स्थल आहे, मालकी नाही.

दुसरे उदाहरण तामिळनाडूतील. कोइमतूर जिल्ह्यातील ओडन्थुराई ग्रामपंचायतीने २००६ साली ३५० किलोवॅटची पवनचक्की विकत घेतली. किंमत सुमारे १ कोटी ५५ लाख रुपये. त्यांतील सुमारे ४० लाख पंचायतीच्या शिलकीतून आणि उरलेले बँकेच्या कर्जातून. वर्षाला सुमारे पावणेसात लाख युनिट वीज हा तिचा हिशेब. पंचायतीच्या गरजेपुरती वीज वजा जाता उरलेली राज्याच्या वीजमंडळास विकावयाची आणि त्यातून कर्ज फेडावयाचे, अशी व्यवस्था. विशेष हे की पवनचक्की ओडन्थुराईत नाही. ती शंभराहून अधिक किलोमीटर दूर, उदुमलपेटच्या वारा असलेल्या टापूत आहे. ‘गावची पवनचक्की’ असे तिच्याविषयी म्हणताच येणार नाही. ती निखळ ‘गावाची’ आहे. ‘ग्रामपंचायतीने विकत घेतली’ हे दुर्मिळ वाक्य येथे खरे ठरते. येथे मालकी आहे, स्थल नाही.

तिसरे डेन्मार्कचे. कोपनहेगनसमोरील समुद्रात मिडलग्रुंडन येथे २००० साली प्रत्येकी २ मेगावॅटची वीस यंत्रे उभी राहिली. त्यांतील निम्मी नागरिकांच्या सामूहिक संस्थेने घेतली. तिचे ४०,५०० भाग सुमारे साडेआठ हजार लोकांनी विकत घेतले. येथे दोन भाषिक गोष्टी लक्षणीय आहेत. एक, अशा संस्थेस डॅनिश भाषेत जो शब्द आहे त्याचे उत्तरपद ‘लाउग’ हे असून मध्ययुगीन कारागीरांच्या श्रेणीसाठी तेच वापरले जाई. नव्या संस्थेला त्यांनी जुन्या, ओळखीच्या संस्थेचे नाव दिले. दुसरी, एक भाग म्हणजे वर्षाला सुमारे १,००० युनिट वीज अशी भागाची व्याख्या करण्यात आली. भाग रुपयांत किंवा क्रोनरमध्ये मोजला की तो श्रीमंताचा होतो. युनिटमध्ये मोजला की प्रत्येक घराला आपली गरज आणि आपला वाटा यांचा ताळा घालता येतो. ‘भाग’ या शब्दाला येथे त्याचा मूळ अर्थ परत मिळाला आहे.

५

महाराष्ट्राला सहकाराची भाषा शिकवावी लागत नाही, असा अभिमान आपण बाळगतो आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा ‘सभासद’ या शब्दाला नवे तेज प्राप्त झाले. सभेत जो बसतो तो सभासद. ‘लाभार्थी’ याच्या तुलनेत या शब्दाची पाठ किती ताठ आहे! १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व कायम केले. विजेच्या क्षेत्रातही हा प्रयोग झाला. अहमदनगर जिल्ह्यात (आज अहिल्यानगर) मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने सुमारे चार दशके ग्रामीण वीजवितरण केले. थकबाकीच्या दीर्घ वादानंतर २०११ साली हे काम महावितरणकडे गेले. या अनुभवाचे धडे अर्थशास्त्रज्ञांनी सांगावेत. भाषेच्या अभ्यासकास एवढेच दिसते की ज्याच्या हाती दरमहा बिल पडते तो स्वतःस ‘ग्राहक’ समजू लागतो, आणि ‘सभासद’ हे नाव वर्षातून एका सभेपुरते उरते. वीज घेणे हा रोजचा व्यवहार, सभेत बसणे हा वर्षाचा. रोजचा शब्द वार्षिक शब्दाला गिळून टाकतो.

आजचा कायदा मात्र अनुकूल आहे. २००३ च्या विद्युत अधिनियमाने स्वतःच्या वापरासाठी केलेल्या वीजनिर्मितीच्या व्याख्येत सहकारी संस्थेचा स्पष्ट समावेश केला. २००५ च्या नियमांनी त्यासाठी २६ टक्के मालकी आणि वर्षाच्या हिशेबाने ५१ टक्के वीजवापर या अटी घातल्या, आणि सहकारी संस्थेच्या बाबतीत त्या सर्व सभासदांनी मिळून पुऱ्या केल्या तरी चालते असे सांगितले. वर्षाचा हिशेब ही गोष्ट पवनऊर्जेत महत्त्वाची आहे. कारण महाराष्ट्रातील वारा मुख्यतः पावसाळ्याच्या चार महिन्यांत वाहतो आणि वापर बारमाही असतो. या निर्मितीस इंग्रजीत जो शब्द आहे तोच ‘कॅप्टिव्ह’ म्हणून आपण उचलला. त्याचा मूळ अर्थ बंदिवान. जी वीज आपल्या मालकीची असल्यामुळे मोकळी झाली तिला आपण बंदिवान म्हणतो, हा उसनवारीचा विनोद होय. ‘स्ववापर निर्मिती’ हा साधा शब्द हाताशी असता तो सोडण्याचे कारण दिसत नाही.

सोलापूरचा वारा साताऱ्याच्या पठारांइतका जोरकस नाही. आणि वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर त्यातील शक्ती अष्टमांश होते, या नियमापुढे स्थानिक अभिमानाचे काही चालत नाही. म्हणून सोलापूरच्या यंत्रमागधारकांनी किंवा ग्रामपंचायतींनी सामूहिक पवनचक्की घ्यावयाची ठरविली, तर ती बहुधा ओडन्थुराईच्या मार्गाने, दूरच्या पठारावर घ्यावी लागेल. येथेच खरा पेच उभा राहतो. त्या पठारावरही एक गाव असेल. सोलापूरचा समुदाय कर्ता होईल. पण पठारावरचे गाव पुन्हा ‘गावात’ या सप्तमीतच अडकून पडेल. ‘सामुदायिक’ हे विशेषण कोणत्या समुदायाचे, असे विचारल्यावाचून वापरले तर ते जुन्या व्यवहाराला नवे पांघरूण ठरेल. आपल्या ग्रामव्यवस्थेत मिरासदार आणि उपरी हा भेद होता. एकाच पांढरीत राहूनही एकाला वंशपरंपरेचा हक्क आणि दुसऱ्याला केवळ कसण्याची मुभा. सामूहिक मालकीच्या नावाने वीज वापरणारा मिरासदार आणि जमीन देणारा उपरी, अशी नवी विभागणी होता कामा नये. जमिनीचे भाडे ठरविण्याऐवजी जमिनीचे मोल भागांत मोजून तिच्या धारकास त्याच संस्थेचा सभासद करून घेणे, हा त्यावर एक मार्ग आहे.

अशा संस्थेसाठी आपल्या परंपरेत शब्द किंवा आदर्श नाहीत, असे कोणी म्हणू नये. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा जो कोरीव लेख आहे त्यात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन निकायांकडे ३,००० कार्षापण ठेव म्हणून ठेविल्याची नोंद आहे : एकाकडे २,००० दरमहा शेकडा एक दराने, दुसऱ्याकडे १,००० शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यावयाचे नाही, वृद्धीचाच उपभोग घ्यावयाचा. तिला ‘अक्षयनीवी’ असे नाव आहे. विणकरांची श्रेणी इतरांच्या भांडवलाची विश्वस्त होऊ शकत होती, ही गोष्ट विणकरांच्या सोलापूरला सुमारे एकोणीस शतकांपूर्वीचा हा शिलालेख सांगतो. वारा हेही एक प्रकारचे मुद्दल आहे, ते खर्च होत नाही, वृद्धीच तेवढी मिळते. अर्वाचीन काळातही या शहराने असे काम केले आहे. कुंभारी येथे महिला विडी कामगारांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेने उभारलेली १०,००० घरे २००६ साली त्यांच्या स्वाधीन झाली. त्यांत केंद्राचे आणि राज्याचे अनुदान होते, त्याबरोबर कामगार स्त्रियांचा स्वतःचा पैसाही होता. शासकीय कागदांत त्यांना ‘लाभार्थी’ म्हणता आले असते. संस्थेच्या दप्तरात त्या ‘सभासद’ होत्या. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची; परंतु कर्जाचा हप्ता आणि घराची किल्ली यांचे नाते दुसऱ्या नावातच स्पष्ट होते.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. शब्द बदलल्याने भांडवल उभे राहत नाही. ‘गावाची’ म्हटल्याने पवनचक्की गावाची होत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि प्रस्तुत लेखकाचा त्यास विरोध नाही. किंबहुना ‘सहकारी’ हे विशेषण मिरवणाऱ्या कित्येक संस्थांत सभासद नाममात्र उरला आहे, हे महाराष्ट्राने पाहिलेच आहे. भाषा मालकी निर्माण करीत नाही. परंतु मालकी नसताना ती असल्याचा भास भाषा निर्माण करू शकते, आणि तो भास उघडा पाडण्याचे साधनही भाषेतच असते. भाषेच्या अभ्यासकाचे काम या दुसऱ्या गोष्टीपुरते मर्यादित आहे. पण ते लहान नाही.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे अभ्यासाचे एक क्षेत्र आणि ग्रामसभांपुढे एक कसोटी, अशा दोन गोष्टी येथे सुचवाव्याशा वाटतात. विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यांतील ऊर्जाप्रकल्पांचे ठराव, करार आणि वार्ता जमवून त्यांतील ‘गाव’ या शब्दाची कारके मोजावीत. ‘-ण्यात आला’ ही रचना कोठे येते आणि तिच्याआड कोणता कर्ता दडला आहे, हे पाहावे. पवनचक्क्यांइतकीच ही पद्धत आज झपाट्याने पसरणाऱ्या सौरप्रकल्पांनाही लागू पडेल. ग्रामसभेसाठी कसोटी याहूनही सोपी आहे. ठरावाच्या मसुद्यातील प्रत्येक क्रियापदापाशी थांबून ‘कोणी?’ असा प्रश्न विचारावा : कर्ज कोणी काढले, भाग कोणी घेतले, विजेचा दर कोणी ठरविला, यंत्र निकामी झाल्यावर ते कोणी उतरवावयाचे. या चारही प्रश्नांचे उत्तर ‘गावाने’ असे येत असेल तर तो प्रकल्प खुशाल सामूहिक म्हणावा. एकाचेही उत्तर तसे येत नसेल, तर तो गावात आहे एवढेच म्हणावे आणि त्याचे भाडे नीट ठरवून घ्यावे.